थोरलीचा चिमटा

मापखोलीत दोन खुर्च्या होत्या आणि पुढच्या महिन्यापासून तिथे एकच राहणार होती. डॉक्टरबाईंनी हे सोमवारी सकाळी उभ्या उभ्या सांगितलं आणि त्या आपल्या कामाला निघून गेल्या. मागे राहिल्या त्या दोघी जावा.

थोरली खिडकीकडच्या खुर्चीत बावीस वर्षं बसत आली होती. धाकटीला दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागून जेमतेम चार महिने झाले होते. एका घरात राहायच्या, एका बसने यायच्या, एका खोलीत काम करायच्या. बसमध्ये मात्र थोरली नेहमी पुढच्या बाकावर बसायची. म्हणजे धाकटीचं तोंड बघावं लागत नसे.

त्या आरोग्य केंद्राचं काम मोठं नव्हतं, पण जिकिरीचं होतं. आजारातून उठलेली, वयाने वाळलेली, ओझी वाहून झिजलेली माणसं तिथे यायची. त्यांच्या अंगात चरबी किती आणि मांस किती, हे मोजायचं. ज्याची चरबी किंवा मांस फारच खाली गेलं असेल त्याला डॉक्टरबाई सहा महिने पौष्टिक पूड लिहून द्यायच्या. नुसत्या वजनावरून हे कळत नाही. दोन माणसांचं वजन सारखं भरेल, पण एकाच्या अंगात मांस असेल आणि दुसऱ्याच्या नुसती चरबी.

थोरली हे चिमट्याने मोजायची. वीतभर लांबीचा चिमटा, दोन जबडे, मध्ये स्प्रिंग आणि वर घड्याळासारखी तबकडी. अंगठा आणि बोटाने कातडीची वळी उचलायची, चिमट्याचे जबडे तिला लावायचे, खटका सोडायचा, मनात एक-दोन म्हणायचं आणि काटा वाचायचा. दंडाच्या मागे, दंडाच्या पुढे, पाठीच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर अशा चार जागा. चारांची बेरीज तक्त्यात पाहिली की शंभर भागांत चरबी किती ते निघतं. ऐकायला सोपं वाटतं. पण वळी कुठे धरायची, किती उचलायची, हे हाताला कळायला तिला पाच वर्षं लागली होती. लोक तिला चिमटाबाई म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

धाकटीकडे मशीन होतं. माणसाच्या उंचीचा खांब, खाली पावलं ठेवायला चकाकत्या पट्ट्या आणि दोन बाजूंना दोन मुठी. अनवाणी चढायचं, मुठी धरायच्या. अंगातून इवलासा करंट जातो, मुंगी चावल्याइतकंही कळत नाही. अंगातल्या पाण्यातून करंट सरळ जातो, चरबीत अडतो. किती अडला यावरून मशीन हिशेब करतं आणि अर्ध्या मिनिटात छापलेला कागद बाहेर टाकतं.

"वा!" टपालखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "चिमटाबाईंकडे गेलं की सदरा वर करा, श्वास सोडा, हलू नका. इथे नुसतं उभं राहायचं. पोरी, तू आधी का नाही गं आलीस?"

"तेव्हा मी शाळेत होते, आजोबा," धाकटी म्हणाली, आणि रांगेतली सगळी माणसं हसली. थोरलीने काटा वाचायच्या निमित्ताने मान खाली घातली. बावीस वर्षांत तिच्या बोलण्यावर रांग कधी हसली नव्हती.

यातही बोचणारी गोष्ट अशी, की धाकटीसाठी शब्द टाकला होता तो थोरलीच्याच नवऱ्याने. "घरातल्या दोघी एका ठिकाणी असल्या की बरं," तो म्हणाला होता. "येता-जाता सोबत होईल." थोरली तेव्हा त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की त्याने आपल्या सदऱ्यावर काही सांडलंय का ते पाहिलं.

पण खरी ठिणगी केंद्रात पडलीच नव्हती. ती पडली घरात, दीड वर्षापूर्वी, धाकटी लग्न होऊन आली त्याच महिन्यात. रात्रीची जेवणं चालली होती. स्वयंपाक धाकटीने केला होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "हाताला चव आहे हो पोरीच्या. थोरलीचंही जेवण चांगलंच असतं, नाही असं नाही. पण ते आपलं पोट भरण्यापुरतं."

सगळे हसले. थोरलीचा नवरा सगळ्यात मोठ्याने हसला. थोरलीही हसली आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवला.

त्या दिवसापासून तिची भूक गेली. म्हणजे धाकटीने रांधलेलं असलं की जायची, आणि रांधायला आता बहुतेक धाकटीच असायची.

"ताई, अजून वाढू?"

"नको. केंद्रात चहाबरोबर खाल्लंय."

"रोजच कसं काय खाता हो केंद्रात?"

"तू मोजतेस का माझे घास?"

पुढे धाकटीने विचारणं सोडलं. कुणी म्हटलं, "बारीक झालीस गं," तर थोरली म्हणायची, "वय झालं आता." कपडे ढगळ व्हायला लागले, तर तिने शिंप्याला नावं ठेवली आणि पिना लावल्या. वजनकाट्यावर मात्र ती कधी उभी राहिली नाही. तिला गरजच वाटत नव्हती, कारण तिच्याकडे आपला वेगळा पुरावा होता.

तो असा. रोज सकाळी रांग आत घ्यायच्या आधी थोरली पडद्यामागे जायची, कमरेच्या हाडावर स्वतःची वळी धरायची आणि चिमटा लावायची. चोवीस. वर्षानुवर्षं चोवीस मिलिमीटर. कधी तेवीस, कधी पंचवीस, पण फिरून चोवीसच. चिमटा तपासून घ्यायला तो मोठ्या हॉस्पिटलात पाठवावा लागतो आणि महिनाभर परत येत नाही. म्हणून तिने ही आपली युक्ती काढली होती. आपलं अंग तेच, आकडा तोच, म्हणजे चिमटा ठीक. आणि हल्ली हल्ली ती हेच उलटंही वाचायला लागली होती. चिमटा तोच, आकडा तोच, म्हणजे आपण ठीक. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

तर सोमवारी डॉक्टरबाईंनी खुर्चीचं सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "मला कुणापाशी वाईट व्हायचं नाही. आकड्यांनी ठरू दे. या आठवड्यात वीस माणसं दोघींनीही मोजायची. मग तीच माणसं गाडीने मोठ्या हॉस्पिटलात जातील. तिथलं क्ष-किरणांचं टेबल माणसाला झोपवून हाड, मांस आणि चरबी वेगवेगळी दाखवतं. जिचे आकडे त्याच्या जास्त जवळ, ती राहील."

"मला चालेल," थोरली म्हणाली. तिला पक्की खात्री होती. मशीन चार महिन्यांचं, आपला हात बावीस वर्षांचा.

त्या आठवड्यात ती जीव ओतून मोजत होती. प्रत्येक जागेला पेनाने खूण, दोनदा माप, दोन्हींत फरक पडला तर तिसऱ्यांदा. मधूनच तिची नजर दाराकडे जायची. धाकटी प्रत्येकाची पावलं ओल्या फडक्याने पुसायची, अंगठ्या काढून ठेवायला सांगायची, कुणी पाणी पिऊन आलं असेल तर बाहेर बसवायची. माणसं आज्ञाधारकपणे सगळं करायची, वर तिला घरच्या गोष्टी सांगायची. एक बाई तर आपल्या सुनेची तक्रार धाकटीला सांगून गेली. थोरलीला वाटलं, बावीस वर्षं मी हिच्या दंडाची वळी उचलते आहे, मला कधी नाही सांगितलं.

बुधवारी बंदरावरचा एक म्हातारा हमाल आला. थोरलीने त्याला मोजला आणि त्याचे पाय पाहिले. पोटरीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. पाणी धरलं होतं. तिला माहीत होतं, मशीनला अंगातलं पाणी दिसतं आणि ते पाणी मशीन मांसात धरतं. असा माणूस मशीनवर चढवला तर तो कागदावर पैलवान निघतो. धाकटी नवी होती, तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

थोरलीने बोलायला तोंड उघडलंही. मग तिला खुर्ची आठवली. तिने तोंड मिटलं, नोंद केली आणि म्हणाली, "जा मामा, आता त्या मशीनवर उभे राहा."

हमाल गेला, उभा राहिला, कागद आला. "बघा मामा, केवढं मांस आहे तुमच्या अंगात!" धाकटी कौतुकाने म्हणाली. थोरलीने खिडकीबाहेर पाहिलं. तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची चव काही चांगली नव्हती.

पुढच्या सोमवारी टेबलाचे आकडे आले. डॉक्टरबाईंनी तीन रकाने शेजारी शेजारी लिहिले आणि दोघींना बोलावलं.

"मशीन बहुतेकांत एक-दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे आहे," त्या म्हणाल्या. "हमालमामांच्या बाबतीत साफ गंडलंय. नऊचा फरक."

थोरलीने मान पुढे करून आपला रकाना शोधला.

"आणि चिमटा..." डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "बाई, तुमचे सगळेच चुकलेत हो. तीन टक्के, साडेतीन टक्के, चार. एकसुद्धा जवळ नाही. मला स्वतःला विश्वास बसेना, मी दोनदा तपासलं."

थोरलीने कागद आपल्याकडे ओढला. "हे शक्य नाही," ती म्हणाली. "माझ्या चिमट्याला कुणी तरी हात लावलाय." आणि तिने धाकटीकडे पाहिलं.

"ताई, मी तुमच्या टेबलालासुद्धा हात लावत नाही."

"हो का? आणि घरातल्या कशाला हात लावायचा बाकी ठेवलास तू?"

"बाई," डॉक्टरबाई म्हणाल्या, "घरचं घरी."

त्या संध्याकाळी थोरली घरी आली आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. बाहेर सासूबाई विचारत होत्या, "काय झालं हिला?" धाकटी म्हणत होती, "काही नाही, दमल्यात." हे ऐकून तर थोरलीचा तिळपापड झाला. हिने मला सांभाळून घ्यायचं! एवढी वेळ आली माझ्यावर!

दुसऱ्या दिवशी धाकटी आधीच्या बसने गेली. थोरली केंद्रात पोहोचली तर धाकटी तिच्या टेबलापाशी उभी, हातात कालचे कागद आणि एक नवाकोरा चिमटा.

"ताई, रागावू नका. आधी ऐका. तुमचे वीसच्या वीस आकडे जास्तच आलेत. कमी एकही नाही."

"मीठ चोळायला आलीस?"

"अहो, हात चुकला असता तर कधी वर गेला असता, कधी खाली. माझ्या मशीनचे बघा, कसे विखुरलेत. तुमचे सगळे एका बाजूला, एका ओळीत. तुमचा हात सरळ आहे. चिमटा चुकतोय. स्प्रिंग ढिली पडली की तो वळीला नीट दाबत नाही, मग वळी जाड दिसते. मी सकाळी मोठ्या हॉस्पिटलात जाऊन त्यांच्याकडचा तपासलेला चिमटा मागून आणलाय."

थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे मला का नाही सुचलं आणि हिला का सुचलं. दुसरा, की ही आपल्याच बाजूने बोलते आहे, तो यायला बराच वेळ लागला.

"माझा चिमटा मी रोज तपासते," ती म्हणाली.

"कसा?"

थोरलीने आपला चिमटा हातात घेतला. सांगितल्यावाचून आता सुटका नव्हती. "माझ्या स्वतःवर. कमरेची वळी. चोवीस येतात. आजपर्यंत बदललेले नाहीत. आण तो इकडे, तुझ्यासमोरच दाखवते."

पडदा ओढून तिने वळी धरली. आधी आपला चिमटा लावला. चोवीस. मग वळी तशीच धरून हॉस्पिटलातला लावला. काटा वीसवर थांबला. तिने वळी सोडली, पुन्हा धरली. वीस. तिसऱ्यांदा साडेएकोणीस.

पडद्याबाहेर धाकटी वाट पाहत होती. तिला आतून काहीच ऐकू येईना, तेव्हा तिने पडदा जरासा बाजूला केला. थोरली स्टुलावर बसली होती आणि दोन्ही चिमटे मांडीवर होते.

"ताई, किती?"

"वीस."

धाकटी हुशार होती. तिला सांगावं लागलं नाही. चिमटा जसा ढिला पडत गेला तसा आकडा वर जायला हवा होता. तो गेला नाही, कारण तितकीच बाई वाळत गेली. स्प्रिंग आणि थोरली, दोघी एकाच चालीने उतरत आल्या आणि वर काटा आपला चोवीसवर.

"काट्यावर चढा," धाकटी म्हणाली.

"नाही."

"चढा म्हणते ना!"

धाकटी असं कधी बोलली नव्हती. थोरली चढली. बावन्न. तीन वर्षांपूर्वीच्या तिच्या तपासणीच्या कार्डावर एकसष्ट होतं.

"तुम्ही जेवत नाही, ताई."

"तुझं जेवण मला जात नाही," थोरली म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला स्वतःलाच धक्का बसला. इतके दिवस ही गोष्ट तिने स्वतःलाही सांगितली नव्हती.

धाकटीचा चेहरा उतरला. "इतकं वाईट असतं?"

"वाईट असतं तर पोटभर जेवले असते मी!"

धाकटीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसावं की रडावं अशा तोंडाने उभी राहिली. "मग मी नाही रांधत. तुम्ही रांधा."

"म्हणजे घरात परत मीच वाईट! वा गं वा!"

बाहेर रांगेतून कुणी तरी खोकलं. दोघींनी आवाज खाली आणला.

"ताई, डॉक्टरबाईंना सांगू या," धाकटी म्हणाली. "चिमट्याची चूक वजा केली तर तुमचे आकडे माझ्यापेक्षा जवळ येतात. मी काल घरी बसून करून पाहिलं."

"मग तुझी खुर्ची जाईल."

"जाईल."

"आणि तरी मला सांगतेस?"

"आकडा चुकीचा आहे ना, म्हणून."

थोरलीला वाटलं, हिने जरा तरी लबाडी केली असती तर किती बरं झालं असतं. हिचा हेवा करायलाही आता धड जागा उरली नव्हती, आणि तरी हेवा जागच्या जागी होता.

तिने नोंदवही ओढली आणि दीड वर्ष मागे गेली. बोट ओळीवरून सरकत होतं. चिमट्याने चरबी जास्त दाखवली, म्हणून "पुरेसं आहे, पुडीची गरज नाही" असा शेरा मारून परत पाठवलेली माणसं. तीन-चार टक्के वजा केले तर अगदी काठावरून खाली जाणारी. ती मोजत गेली. सात निघाली. सातही जणांचे दंड तिला आठवत होते. वही काखेत घेऊन ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. धाकटी मागून यायला लागली तर म्हणाली, "तू थांब. हे माझं आहे."

तिने सगळं सांगितलं. चिमटा, कमरेची वळी, चोवीस, सात माणसं. हमालाच्या सुजलेल्या पायांचंही सांगितलं, की मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. डॉक्टरबाईंनी वहीतली सातही नावं वाचून काढली. मग त्या जे बोलल्या ते थोरलीने आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं. ते तिने उभं राहून ऐकलं.

"आकड्यांनी ठरवू म्हटलं होतं मी," शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या. "चूक वजा करून तुमचेच जवळ येतात. खुर्ची तुमची. पण चिमटा दर तीन महिन्यांनी हॉस्पिटलात जाईल, तुमच्या कमरेवर नाही तपासायचा. हमालमामांना आजच बोलवून घ्या, ते पाय मला बघायचेत. या सात जणांना तुम्ही स्वतः निरोप धाडायचा. आणि पुडीच्या यादीत आठवं नाव तुमचं."

खुर्ची मिळाली. थोरलीला वाटलं होतं, मिळाली की छातीवरचा धोंडा उतरेल. झालं भलतंच. मोठ्या हॉस्पिटलाने विचारलं, की हा एका बाजूचा फरक कुणाच्या लक्षात आला? डॉक्टरबाईंनी धाकटीचं नाव सांगितलं. पंधरा दिवसांत धाकटी तिथल्या क्ष-किरणांच्या टेबलावर शिकायला गेली. घरात सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटल्या, "आमची धाकटी मोठ्या हॉस्पिटलात असते." थोरलीच्या खुर्चीचं कुणी नावही काढलं नाही. नवरा तेवढं म्हणाला, "तुझं काय, तू आहेसच की तिथे."

सात जणांपैकी पहिला आला तो रंगारीकाका. आयुष्यभर शिड्यांवर चढून भिंती रंगवलेला, काडीसारखा माणूस. थोरलीने त्याला बसवलं आणि आधी सांगून टाकलं, "काका, मागच्या खेपेला माझं माप चुकलं होतं. तुम्हाला पूड मिळायला हवी होती."

"असू दे, बाई. माझ्याही भिंती चुकल्यात," रंगारीकाका म्हणाला आणि खोलीभर नजर फिरवली. "ती मशीनवाली मुलगी दिसत नाही? गोड होती हो पोरगी. आम्हाला नाव घेऊन बोलवायची."

थोरलीने त्याच्या दंडावर पेनाने खूण केली. खूण जरा दाबूनच उमटली.

"मोठ्या हॉस्पिटलात गेली ती," ती म्हणाली. मग कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "माझी जाऊ आहे."

"काय सांगता! मग तुम्हीच शिकवलं असेल तिला."

थोरलीला हो म्हणायची फार इच्छा झाली. हो म्हटलं असतं तर तिथे खोटं ठरवायला कुणी नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "तिचं तिला येतं. हात सैल सोडा, काका. बोलू नका आता, काटा हलतो."